सॅमन-ट्राउटचं ट्रोलिंग: आधी पाणी, मग चाल, रंग सगळ्यात शेवटी

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात कोणाचंही दार वाजवा, घरातलं एक पोर कॅनडात नाहीतर अमेरिकेत असतंच, मग उन्हाळ्यात आईबाबा तिकडे जातात, पंधरा दिवसांत नायगारा-बियगारा उरकतो आणि पुढे दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडतो. माझा प्रश्न जावईबापूंच्या ऑफिसातल्या एका सरदारजींनी सोडवला, त्यांची मासे पकडायची स्वतःची बोट आहे, टोरांटोशेजारी ओंटारियो सरोवराच्या काठी मिसिसागाच्या पोर्ट क्रेडिटला उभी असते. तीन उन्हाळे झाले त्याला. परवा आमच्या वाडीतला एक मुलगा टोरांटोला निघाला, म्हणाला काका लूर (मासा फसवायचं खोटं आमिष) कोणते घेऊ, लिस्ट द्या ना. लिस्ट नाही दिली, कारण पहिल्या वर्षी मीपण लिस्ट घेऊनच दुकानात गेलो होतो आणि चौदा रंगांचे चौदा स्पून, म्हणजे चमच्यासारखे पत्र्याचे लूर, घेऊन आलो, त्यातले अकरा अजून डब्यात आहेत, पाण्यात एकदाही गेले नाहीत.

ट्रोलिंग म्हणजे बोट हळूहळू चालवत ठेवायची आणि मागे दोरीला खोटं आमिष लावून ओढत न्यायचं, बस. (फेसबुकवरचं ट्रोलिंग वेगळं, ते आमच्या घरात सगळ्यांना येतं.) कोकणातली मंडळी गरवायला बसतात तसं एका जागी बसायचं नाही, कारण सरोवर म्हणजे समुद्रच आहे, ओंटारियो सरोवर सर्वात खोल ठिकाणी २४४ मीटर आहे, मासा शोधायला आपल्यालाच फिरावं लागतं.

आता लूर म्हणजे खोटा मासा, पण कुठल्या माशाचं सोंग? त्याची गोष्ट मजेशीर आहे. चिनूक सॅमन, ज्याला तिकडे किंग म्हणतात, तो या सरोवरांचा मूळचा नाहीच, तो पॅसिफिकचा. मिशिगन सरोवरात एलवाइफ नावाचा चंदेरी मासा इतका माजला होता की १९६७ मध्ये मरून किनाऱ्यांवर ढीग लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ ला, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाच्या हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनहून अंडी आणून वाढवलेली कोहो सॅमनची पिल्लं नदीत सोडली होती, मग १९६७ ला चिनूक. पुढे ओंटारियो सरोवरातही हे मासे सोडले गेले. म्हणजे किंग तिथे आणला तोच एलवाइफ खायला, आणि आजही तो तेच खातो. हा एलवाइफ आपल्या भरूचच्या हिलशाच्या नात्यातला, हेरिंगच्या गोतावळ्यातला, चपटा, चकचकीत, वीतभराच्या आतला. तेव्हा लूर घेताना एवढं डोक्यात ठेवा, चार-साडेचार इंची, चंदेरी, पातळ. जाड वजनदार स्पून काठावरून फेकायला असतात, बोटीमागे ओढायला पातळ पत्र्याचेच लागतात, दुकानात ट्रोलिंग स्पून म्हणूनच मागा.

पण लूरच्या आधी पाणी. विहिरीत उडी मारली की कसं वर कोमट असतं आणि पाय खाली गेले की एकदम बर्फ लागतो, तसंच सरोवराचं होतं जुलै-ऑगस्टमध्ये, वर २० डिग्रीच्या पुढे आणि खाली काही फुटांतच धाडकन गार, त्या मधल्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. किंगला साधारण १० ते १२ सेल्सिअस आवडतं, लेक ट्राउटला त्याहून गार, ७ ते १०, ब्राउन ट्राउट जरा उबेतला, १३ ते १८ चालतं त्याला. मग उन्हाळ्यात किंग ६० ते १२० फुटांवर मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यात ब्राउन अगदी काठाला, ५ ते १५ फूट पाण्यात, कारण तेव्हा काठाचं पाणी आधी तापतं. वाऱ्यावरही खूप असतं. जमिनीकडून सरोवराकडे दोन दिवस जोरात वारा वाहिला की वरचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं, मग काल ९० फुटांवर होता तो मासा आज ४० वर. म्हणून कालची खोली आज धरून बसू नका, थर्मामीटर खाली सोडा आणि बघा.

मग चाल. हे मला समजायला पूर्ण एक उन्हाळा गेला. किंगला २.२ ते २.८ मैल ताशी, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास, कमाटीबागेत सकाळी कानटोपी घालून फिरणाऱ्या काकांची चाल. लेक ट्राउट आळशी, त्याला दीड ते दोन मैल, जेवणानंतरची शतपावली. एवढाच फरक, पण तेवढ्यात सगळं बदलतं, कारण प्रत्येक लूरची स्वतःची एक चाल असते, बोट तिच्यापेक्षा हळू गेली तर तो मेल्यासारखा ओढला जातो आणि जोरात गेली की गोल गोल गिरक्या खातो. पाण्यात सोडायच्या आधी बोटीच्या बाजूलाच धरून बघा, स्पून डावी-उजवी डुलला पाहिजे आणि अधूनमधून अर्धा पलटला पाहिजे, सतत फिरत असेल तर वेग जास्त आहे.

प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या माशासारख्या लूरचं, स्टिकबेट म्हणतात त्याचं, तर उत्तरायणच्या पतंगासारखंच आहे हो. पतंग एका बाजूला कन्नी खायला लागला की आपण दुसऱ्या बाजूला चिंधी लावतो ना, तसं हा लूर डावीकडे पळत असेल तर नाकासमोरची बारीक कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. केसभर म्हणजे केसभरच, मी पहिल्यांदा जोर लावला आणि कडी तुटून हातात आली. मग परत पाण्यात धरून बघायचं, सरळ पोहायला लागेपर्यंत. नवाकोरा डब्यातून काढलेला लूरही वाकडा पळतो कधीकधी, हे सांगतोय कारण नवीन आहे म्हणून तसाच सोडून दीड तास वाया घालवलेला माणूस मीच.

कधी काय लावायचं ते आता. वसंतात ब्राउनला स्टिकबेट, बोटीपासून लांब, कारण उथळ पाण्यात बोटीचा आवाज ऐकून तो पळतो, म्हणून प्लेनर बोर्ड नावाची एक फळी असते ती दोरी बोटीच्या बाजूला शंभरेक फूट ओढून नेते. उन्हाळ्यात किंगला मोठे स्पून किंवा फ्लॅशर आणि फ्लाय. फ्लॅशर म्हणजे आठ किंवा अकरा इंची चकचकीत पट्टी, ती पाण्यात गोल फिरते आणि तिच्या मागे दीड-दोन फुटांवर झालरीसारखी फ्लाय बांधलेली असते, पट्टी फिरली की फ्लायला झटका बसतो. दोरी आखूड केली तर झटका जोरात, लांब केली तर मवाळ. मासा मागे येतोय पण धरत नाही असं वाटलं तर मी लूर बदलायच्या आधी ही दोरी चार इंच कमी-जास्त करून बघतो, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. ऑगस्टच्या शेवटी किंग नदीच्या तोंडाशी जमायला लागतात, आपला हिलसा पावसाळ्यात नर्मदेत चढतो तसे हे अंडी घालायला नदीत चढतात, तेव्हा त्यांची भूक मरते पण चीड वाढते, म्हणून मोठे, धडपडणारे प्लग, म्हणजे जाड पोकळ माशासारखे लूर, लावतात. लेक ट्राउटला तळाशी, हळू, विशेष काही नाही.

खोलीवर कसं न्यायचं? सोपं आणि नेमकं म्हणजे डाउनरिगर, दहा-बारा पाउंडाचा गोळा तारेवर खाली जातो, आपली दोरी त्याच्याजवळ चिमट्यात अडकवलेली, मासा लागला की चिमटा सुटतो. लूर गोळ्याच्या मागे १० ते २५ फूट ठेवा, पहाटे वरच्या पाण्यात असाल तर ५० किंवा जास्त. एक फसवणूक आहे, डाउनरिगरवरचा आकडा ८० फूट दाखवतो पण तार मागे तिरकी गेलेली असते, म्हणजे गोळा ८० वर नसतोच. सॅमन वर बघत खातो, तेव्हा त्याच्या जरा वर गेलं तर चालतं, खाली गेलं तर फुकट. डिप्सी डायव्हर दुसरं साधन, म्हणजे दोरीत बांधलेली एक गोल चकती, ती लूरला खाली आणि बाजूला ओढून नेते, त्याच्या तळाला ० ते ३ आकडे असतात, आकडा वाढवला की तो बाजूला जास्त जातो आणि खोल कमी. तिसरी लेडकोअर, शिशाची दोरी, दर १० यार्डांना रंग बदलतो, दोन मैलांच्या वेगाला एक रंग साधारण ५ फूट उतरतो, म्हणजे पाच रंग सोडले की २५ फूट, हिशोब बोटावर. पहिल्या दिवशी चारच रॉड लावा, दोन डाउनरिगर दोन डिप्सी. मी सहा लावले होते, पहिल्याच वळणावर जो गुंता झाला तो सोडवेपर्यंत दुपार झाली, सरदारजी एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहा दिला.

वळणावरून आठवलं, सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी जा. वळताना आतल्या बाजूचे लूर हळू होतात आणि खाली बसतात, बाहेरच्या बाजूचे जोरात आणि वर. मासा बाहेरच्या रॉडला लागला तर बोटीचा वेग थोडा वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा, फुकटात उत्तर मिळतं. आणि दिशा लिहून ठेवा, कारण जीपीएस वरचा वेग सांगतो, खाली प्रवाह वेगळाच असतो, पूर्वेला जाताना धडाधड लागतात आणि त्याच वेगाने परत येताना शुकशुकाट, हे कितीदा बघितलंय.

रंग राहिलाच. खोल पाण्यात लाल आधी काळवंडतो, हिरवा-निळा टिकतो. उजाडायच्या आधी ग्लोवाले पांढरे-हिरवे, टॉर्चचा झोत मारून चमकवून सोडायचे, ऊन आलं की चंदेरी, हिरवा, निळा. माझ्यामते पाच-सहा स्पून पुरतात. पैसे हुकांवर घाला, हुकाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढा, रुतलं तर ठीक, घसरलं तर बदला, दर फेरीला.

आणि मासा लागला की घाईघाईने रीळ आवळू नका, माझा पहिला किंग असाच गेला, मी ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट केला आणि तो पळायला लागल्यावर दोरी मांज्यासारखी टण्णकन तुटली. पेच लढवताना ढील देतो तशी ढील द्या, तो दोनशे फूट पळेल, पळू दे, बोट बंद करू नका नाहीतर बाकीच्या दोऱ्या बसतील खाली. जाळीत डोक्याकडून घ्यायचा, शेपटीकडून जाळी लावली की तो पुढे उसळतो आणि गेला. लायसन पाहुण्यांनाही लागतं, वयाचं कार्ड दाखवून आपल्याला सूट मिळत नाही, तिथल्या पासष्टीच्या वरच्यांनाच मिळते. माणशी किती रॉड आणि किती मासे ते त्या भागाच्या नियमात बघून घ्या. आणि खायचं असेल तर ओंटारियो सरकारचं कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा त्याचं कोष्टक असतं, मोठ्या किंगमध्ये आणि मोठ्या लेक ट्राउटमध्ये नको ती केमिकलं साठतात, म्हणून आम्ही मोठे सोडून देतो आणि लहान कोहो घरी नेतो. कातडी आणि पोटाची चरबी काढून टाका. आमच्या हिने त्याचं सुरमईसारखं कालवण केलं तर तेल वर तरंगायला लागलं, तेव्हा नारळ निम्मा करा आणि कोकम एक जास्त घाला.