मानेतली नसेची गाठ: ऑपरेशनआधी या चुका टाळा

जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या बाजूला न दुखणारी गाठ. वर्षभर तेवढीच वाटते, पण वाढत असते. कोल्हापुरात अशी गाठ माझ्यापर्यंत येते तेव्हा तिच्यावर काही ना काही करून झालेलं असतं.

मागे तालमीतला एक पोरगा आला. लढतीत शीर आखडली असेल म्हणून महिनाभर तेल लावून चोळत होते. गाठ बोटांत धरली तर आडवी हलायची, वरखाली हलेना. जरा दाबली आणि त्याला कोरडी ढास लागली. सोडली, थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा ढास. ही खूण व्हेगस नसेवरच्या गाठीची. व्हेगस म्हणजे मेंदूपासून मानेतून छाती-पोटाकडे जाणारी नस, इंग्रजीत नर्व्ह; रक्ताची शीर नव्हे. नसेच्या आवरणातून वाढणाऱ्या या गाठीला श्वानोमा म्हणतात. ती क्वचित दिसते आणि बहुतेकदा कॅन्सरची नसते. अशी गाठ चोळायची नाही.

दुसरी चूक टीबीच्या गोळ्यांची. आपल्याकडे मानेत टीबीच्या गाठी बऱ्याच येतात, त्यामुळे शंका रास्त आहे. पण तपासणीत काही सापडलं नसताना नुसत्या अंदाजावर महिनोन् महिने गोळ्या खायच्या नाहीत.

सगळ्यात महागात पडते ती घाई. "छोटा तुकडा काढून बघू" म्हणून गाठीला चीर देतात. मला याचं फार वाईट वाटतं. गाठीचं कवच भोवतीच्या भागाला चिकटतं आणि पुढं नस सोडवणं अवघड होतं. तिथं रक्तवाहिन्यांची गाठही असू शकते, तिला चीर दिली तर रक्त आवरत नाही. म्हणून आधी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध, देऊन एमआरआय. कॅरोटिड धमनी आणि जुगुलर शीर या मानेतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींपासून फाकल्या असतील तर गाठ बहुधा व्हेगसची. दोन्ही मिळून पुढं सरकल्या असतील तर सिंपथेटिक नसेची, म्हणजे त्यांच्या मागून जाणाऱ्या दुसऱ्या नसेची. सुईच्या तपासणीत पुष्कळदा नक्की निदान होत नाही, पण एमआरआयनंतर ती करायला हरकत नसते.

"डॉक्टर, मुळासकट काढा," असं नातेवाईक हात जोडून सांगतात. इथं मूळ म्हणजे नसच! जमेल तिथं आम्ही कवचावर पसरलेले नसेचे धागे बाजूला ठेवून, त्यांना समांतर चीर देतो आणि आतली गाठ सोलून काढतो. नस कुठून जाते हे दाखवणारं मॉनिटर लावता आलं तर उत्तम. तरीही आवाज बसू शकतो, पाणी पिताना ठसका लागू शकतो. सिंपथेटिक नस दुखावली तर त्या बाजूची पापणी किंचित उतरते. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे विचारून घ्या, आणि नाकातून दुर्बीण घालून स्वरतंतू आधीच तपासून घ्या.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर गाठ मणक्यातून आत शिरलेली असू शकते. तिथं न्यूरोसर्जन सोबत हवाच. अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील तर तेही सांगा, नसांवर गाठी येण्याच्या आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते. वयस्कर माणसाची लहान, त्रास न देणारी गाठ नुसती एमआरआयवर नजर ठेवून सांभाळता येते.

ऑपरेशननंतर काहींना जेवणाच्या पहिल्या घासाला जबड्यात जोराची कळ येते, पुढच्या घासांना ती कमी होत जाते. गाठ परत आली म्हणून घाबरू नका. ही कळ बहुतेकांची हळूहळू कमी होत जाते. फार त्रास झाला तर त्यावर गोळ्या आहेत, पुढच्या भेटीत सांगा.