हायवेकडेच्या निंबाच्या पानात धूर काय करतो, ते कसं मोजायचं

जळगाव–भुसावळ हायवेला खेटून असलेला एक निंब आणि दूर आतल्या बांधावरचा एक, अशा जोड्या निवडा; किमान तीन. खरी गफलत इथेच होते. बांधावरचा निंब ठिबकच्या केळीशेजारी असेल तर फरक पाण्याचा निघतो आणि नाव धुराचं होतं. दोन्ही झाडं कोरडवाहू, साधारण एका वयाची हवीत. मेच्या उन्हात पान तसंही सुकतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ; म्हणून नोव्हेंबर-डिसेंबर बरा. सकाळी ८ ते १० मध्ये, एकाच दिवशी, डहाळीच्या टोकाकडून चौथं-पाचवं, पूर्ण वाढलेलं पान तोडा. पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा.

पानातल्या चार गोष्टी मोजायच्या: पाणी, सामू, हरितद्रव्य आणि क जीवनसत्त्व; शेवटी चारही मिळून एक निर्देशांक.

पाणी. ताज्या पर्णिकांचं (निंबाच्या पानावरच्या छोट्या पानांचं) वजन लगेच करा. रात्रभर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवा, टिपकागदाने टिपून पुन्हा वजन, मग ७० अंशांवर रात्रभर वाळवून तिसरं. ताजं ०.५०, फुगलेलं ०.६२, कोरडं ०.२० ग्रॅम असेल तर (०.५०−०.२०) ÷ (०.६२−०.२०) × १०० = ७१.४ टक्के. टिपताना दाबलंत तर आकडा फुगतो.

सामू (pH). ५ ग्रॅम पानं धुऊन ५० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात खलात वाटा, गाळा, ४ आणि ७ च्या बफरवर जुळवलेल्या मीटरने मोजा. कागदी पट्टी नको, हिरव्या रसात तिचा रंग कळत नाही. धुणं टाळलंत तर फुफाट्यातले आणि दगडी कोळशाच्या राखेतले क्षार सामू वर नेतात आणि आतली आम्लता झाकली जाते. ती येते कुठून? धुरातला सल्फर डायऑक्साइड पर्णरंध्रांतून शिरून पेशींतल्या पाण्यात विरघळतो.

हरितद्रव्य. आम्लातला हायड्रोजन हरितद्रव्याच्या मधला मॅग्नेशियम हुसकून लावतो. उरतं मातकट फिओफायटिन. ०.५ ग्रॅम पान ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये वाटून, गाळून २५ मिली करा. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात रंग उडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण (शो) घ्या: (२०.२ × शो६४५ + ८.०२ × शो६६३) × २५ ÷ (१००० × ०.५) = मिग्रॅ प्रति ग्रॅम.

क जीवनसत्त्व त्याच दिवशी, सगळ्यात आधी मोजा. ठेचलेल्या पानात ते झपाट्याने उडतं. ऑक्झॅलिक आम्लातच वाटा.

शेवटी: [क × (हरितद्रव्य + सामू) + पाणी टक्के] ÷ १०; क म्हणजे क जीवनसत्त्व, मिग्रॅ प्रति ग्रॅम. हा निर्देशांक झाडाची सोसण्याची ताकद सांगतो, हवा किती घाण आहे ते नाही. रस्त्याकडेला कोणतं झाड लावायचं, एवढ्यासाठीच तो वापरा.