गेटवर उशीर का होतो? विमान डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नसेल तर या चुका टाळा

"मॅडम, मी साडेतीनपासून इथेच आहे हो!"

गेट बंद झाल्यावर धापा टाकत आलेला माणूस हे हमखास म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी काही वर्षं मुंबईला गेटवर ड्युटी केली आहे. रस्त्यात अडकलेला प्रवासी आम्हाला सहसा दिसतच नाही, तो खालच्या काउंटरवरूनच परत जातो. गेटवर घाम पुसत येतात ते निराळे. त्यांना आम्ही 'गेट नो-शो' म्हणायचो. चेक-इन झालं, सुरक्षा तपासणी झाली, आणि माणूस गायब. घरापासून तपासणीच्या रांगेपर्यंत हा माणूस दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतो. ट्रेमधून पट्टा आणि पाकीट उचललं की त्याला वाटतं, झालं, आलो. तिथून पुढे तो घड्याळ बघायचंच सोडतो.

सगळ्यात मोठी चूक: सुटायची वेळ लक्षात ठेवणं

तिकिटावर 6:10 असतं, म्हणून डोक्यात 6:10 बसतं. ती वेळ वैमानिकाची. तुमची वेळ 5:45. देशांतर्गत उड्डाणांना बहुतेक कंपन्या सुटण्याच्या 25 मिनिटं आधी गेट बंद करतात आणि 60 मिनिटं आधी काउंटर. परदेशच्या विमानांना काउंटर याहून आधीही बंद होतो. त्यामुळे मोबाइलमध्ये गजर लावायचा तर 5:45 चाही नको, 5:15 चा लावा.

"विमान तर समोर उभं आहे, दारही उघडं आहे, मग मला सोडायला काय जातं?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. गेट बंद झाल्यावर प्रवाशांची अंतिम संख्या निघते. कोण कुठे बसलंय, विमानाच्या पोटात किती बॅगा, किती माल, यावरून वजनाचा आणि तोलाचा कागद बनतो. त्याला लोड शीट म्हणतात, आणि ती कॅप्टनने बघितल्याशिवाय विमान हलत नाही. तुम्ही आला नाहीत तर तुमची बॅगही उतरवावी लागते. लहान विमानांत बॅगा बऱ्याचदा हाताने एकावर एक रचलेल्या असतात, त्यातून तुमची निळी ट्रॉली शोधायची म्हणजे रॅम्पवरच्या, म्हणजे विमानाशेजारी सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पोरांचा जीव जातो.

बॅग तशीच जाऊ दिली तर काय बिघडतं? याचं उत्तर 23 जून 1985 ला मिळालं. एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात व्हँकुव्हरहून आलेली एक बॅग चढली, तिचा मालक मात्र चढलाच नाही. अटलांटिकवर स्फोट झाला आणि 329 माणसं गेली. प्रवासी नाही तर त्याची बॅग नाही, हा नियम त्यानंतर कडक झाला. लोकांना वाटतं, गेटवरची मुलगी हट्टाला पेटली आहे. प्रत्यक्षात तिच्या वॉकी-टॉकीवर त्या क्षणी तुमची बॅग शोधणं चालू असतं.

मुंबईत आणखी एक भानगड आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. तिच्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. आपली पाळी हुकली तर पुन्हा रांगेत. तुमच्या पाच मिनिटांचे विमानाला पाऊण तासही लागू शकतात.

गेट बदललं आणि कळलंच नाही

हे फार होतं. माणूस गेटसमोरच बसलेला असतो, कानात इयरफोन, डोळे मोबाइलवर. आजूबाजूची माणसं उठून गेली तरी त्याला वाटतं, ही दुसऱ्या विमानाची असतील. मुंबई विमानतळ 2018 पासून 'सायलेंट' आहे, म्हणजे पूर्वीसारख्या सतत घोषणा होत नाहीत. गेट बदललं की स्क्रीनवर दिसतं आणि मेसेज येतो.

मेसेज कोणाला येतो, ही खरी गोम. तिकीट एजंटाने, ऑफिसने किंवा पुण्यात बसलेल्या मुलाने काढलेलं असेल, तर मेसेज त्यांच्या नंबरवर जातो. आई-बाबा गेटवर, गेट बदलल्याची बातमी हिंजवडीत. मुलगा मीटिंगमध्ये. तिकीट काढताना जो प्रवास करणार आहे त्याचाच नंबर घाला, आणि जमल्यास ज्येष्ठांना सांगून ठेवा की दर पंधरा मिनिटांनी उठून स्क्रीन बघायचा. अजूनही काही ठिकाणी शेवटच्या वेळी आमची मुलं एसटी स्टँडवरच्या कंडक्टरसारखी 'दिल्ली, दिल्ली, दिल्ली' ओरडत फिरतात. त्यावर विसंबू नका. ती बाथरूममध्ये आणि लाउंजमध्ये येत नाहीत.

लाउंजवरून आठवलं. बँकेच्या कार्डावर 2 रुपयांत जेवण मिळतं म्हणून लोक विमानाला अर्धा तास उरला असताना त्या रांगेत उभे राहतात. डोसा बनेपर्यंत गेट बंद होतं. त्या 2 रुपयांपायी नवं तिकीट काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

गेट गाठायला लागणारं चालणंही लोक धरत नाहीत. मुंबईच्या टी-2 मधली, म्हणजे टर्मिनल 2 मधली टोकाची गेटं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, गुडघे दुखत असतील तर वीस. आणि गेटवरून बस असेल तर बोर्डिंग लवकर सुरू होतं. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकिटाबरोबरच मागा. ऐन वेळी मागितली तर माणूस मोकळा होईपर्यंत थांबावं लागतं.

ओटीचा नारळ

माहेराहून निघालेल्या लेकीची आई ओटी भरते, नारळ हँडबॅगेत जातो, आणि सुरक्षा तपासणीत बॅग बाजूच्या पट्ट्यावर सरकते. केबिनमध्ये नारळ चालत नाही. तिथे लेक म्हणते, ओटीचा आहे हो, टाकू कसा? जवान समजूतदार असतो, पण नियम तोच. या भावनिक वाटाघाटीत पंधरा मिनिटं जातात. आजीच्या चंचीतला अडकित्ताही असाच अडकतो.

याच्या उलटी चूक पॉवर बँकची. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच लागते. खाली दिलेल्या बॅगेत सापडली तर तुम्हाला परत बोलावून बॅग उघडायला लावतात, आणि तेवढ्यात रांग संपत नसते, वेळ संपतो. बॅग भरतानाच या तीन वस्तू बघून घ्या.

वेब चेक-इन केलं म्हणजे विमान आपलं, हाही एक गोड गैरसमज. त्याने फक्त काउंटरची रांग वाचते. खाली द्यायची बॅग असेल तर 60 मिनिटांची अट तशीच राहते. डिजियात्राचंही तेच. दारावर चेहरा दाखवून आत जाल पटकन, पण पुढे बॅगेच्या स्कॅनरसमोर सगळे सारखेच.

मध्यरात्रीचं विमान

12:30 ची फ्लाइट, तारीख 14. माणूस 14 ला रात्री दहा वाजता जेवून निघतो. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आपल्याकडे पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्री साडेबारा म्हणजे मनाने अजून 'आजच' असतं. तिकीट काढणाऱ्या संगणकाला पंचांग कळत नाही. 00 ने सुरू होणारी वेळ दिसली की शेजारी पेनने लिहा: '13 तारखेला रात्री नऊला घर सोडायचं'.

चुकीचा विमानतळ

मुंबईत टी-1 आणि टी-2 मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर आहेत, आणि संध्याकाळी ते पार करायला अर्धा-पाऊण तासही लागतो. त्यात 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. तिकिटावर बीओएम असेल तर जुनं, एनएमआय असेल तर उलव्याकडचं. गोव्याला तर ही गंमत 2023 पासूनच आहे. जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, मध्ये साठेक किलोमीटर. टॅक्सीवाल्याला 'एअरपोर्ट' एवढंच सांगू नका.

आणि तरीही उशीर झालाच तर

तपासणीच्या रांगेत गप्प उभं राहू नका. पुढच्यांना वेळ दाखवून विनंती करा, बहुतेक लोक सोडतात. कंपनीचा माणूस दिसला की त्याला गाठा, तो गेटवर कळवू शकतो. गेट बंद झालं असेल तर तिथे आवाज चढवून काही उघडत नाही. उशीर झाला म्हणून बॉम्बचा खोटा फोन करणारे महाभागही होऊन गेले आहेत. विमान थांबलं, ते पोलीस कोठडीत गेले.

विमान गेल्यावर एकट्याने बाहेर पडता येत नाही. कंपनीचा माणूस सोबत येतो, नोंद होते, मग बाहेर. काउंटरवर आधी पुढच्या विमानाचं विचारा, काही कंपन्या थोडे पैसे घेऊन बसवतात. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर ते चालू आहे ना, हे लगेच खात्री करून घ्या. बऱ्याच कंपन्यांमध्ये जाताना बसला नाहीत तर येतानाचंही आपोआप रद्द होतं, आणि लोकांना ते आठवड्याने परतताना कळतं. भाडं बुडालं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम तसा आहे, पण मागितल्याशिवाय बहुधा कोणी आठवण करून देत नाही.

आणि बॅग. ती उतरवून पट्ट्यावर ठेवलेली असते. ती घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, पुढच्या विमानात ती आपली आपण चढत नाही.