हळदीची पानं गुंडाळली जातायत आणि काळं-पांढरं फुलपाखरू फिरतंय? पंप उचलायच्या आधी हे बघा

सध्या भरणी (बुंध्याला माती लावायचं काम) उरकलेल्या हळदीत, मग ती मिरज-तासगावकडची असू दे नाहीतर वाई-कोरेगावकडची, सगळीकडे एकच तक्रार चाललीय की पानं गुंडाळतायत आणि सकाळच्या पारी एक छोटं फुलपाखरू सरीतून भर्रकन इकडून तिकडं जातंय. बरेच जण लगेच दुकानात जातात, दुकानदार दोन-तीन बाटल्या एकत्र देतो आणि सगळ्या प्लॉटवर फवारा होतो. माझं सरळ म्हणणं आहे, बहुतेक प्लॉटमधे याची गरज नसते, आणि हा खर्च कंदमाशी (कंद पोखरणारी कीड) आणि करप्यासाठी (पानांवरचा बुरशीचा रोग) राखून ठेवा.

आधी फुलपाखरू ओळखून घ्या. हे स्किपर जातीतलं आहे, इंग्रजी नाव ग्रास डेमन, शास्त्रीय नाव उडास्पेस फोलस. पंख पसरल्यावर साधारण ४ ते साडेचार सेंमी. रंग गडद तपकिरी, लांबून काळाच वाटतो, पुढच्या पंखावर पांढरे ठिपके आणि मागच्या पंखावर मधोमध एक मोठा पांढरा डाग, हीच त्याची पक्की खूण. अंग जाडजूड, मिशांची टोकं आकड्यासारखी वाकलेली. उडणं संथ तरंगत नाही, जमिनीलगत झटके देत जातं, क्षणात या पानावर तर क्षणात पलीकडच्या सरीत, त्यामुळे मोबाईलमधे फोटो घ्यायला जाल तर नुसती हळदच येते. सकाळी उन्हात पंख उघडून बसतं, ऊन तापलं की सावलीत पंख मिटून गप्प. दिवसा उडणारं आहे म्हणून लाईट ट्रॅप (रात्री दिवा लावून कीड पकडायचा सापळा) यावर चालत नाही, तो खोडकिड्याच्या पतंगासाठी ठीक आहे कारण तो रात्रीचा फिरतो.

फुलपाखरू स्वतः पान खात नाही, फुलातला रस पितं. नुकसान करते ती त्याची अळी. मादी पानावर अंडी सुटी सुटी, एकेक करून घालते, पुंजक्यात नाही, म्हणूनच प्लॉटमधे हा त्रास विखुरलेला दिसतो, एका जागी मोठा डाग पडत नाही. ४-५ दिवसांत अळी बाहेर येते, आधी पानाची कड कापून छोटीशी घडी घालते आणि जशी वाढेल तसं अख्खं पान रेशमाच्या धाग्यानं ओढून गुंडाळी करते, आत राहते, भूक लागली की आसपासचं पान कडेनं कुरतडते. अळी गुळगुळीत हिरवी, डोकं काळं आणि मान बारीक. दोन ते तीन आठवडे ती अशी खाते, मग त्याच गुंडाळीत कोष होतो, तिथं आत पांढरी पावडर लागलेली दिसेल, ती बुरशी नाही, घाबरू नका. आठवड्याभरात नवं फुलपाखरू. ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर जास्त, थंडी पडली की कमी होत जातं.

आता खरी गडबड इथं होते. प्रत्येक गुंडाळलेलं पान या अळीचं नसतं. दुपारी पानं लांबीनं नळीसारखी वळतायत आणि सकाळी परत सरळ होतायत तर तो पाण्याचा ताण आहे, ठिबकची लाईन चेक करा. पोंगा (मधला कोवळा शेंडा) सुकलाय आणि खोडाला भोक पडून त्यातून भुसा बाहेर आलाय तर तो खोडकिडा, त्याचा इलाज वेगळा. पानाची कड कापलेली, धाग्यानं बांधलेली आणि उघडल्यावर आत काळ्या डोक्याची हिरवी अळी असेल तरच हा स्किपर. उघडून बघितल्याशिवाय ठरवूच नका, ५ मिनिटांचं काम आहे.

भरणी झालेल्या, फुटवे चांगले असलेल्या हळदीला एवढी मोठी पानं असतात की दोन-चार गुंडाळ्यांनी उताऱ्याला धक्का लागत नाही. भांगलणीला बाया असतातच, त्यांना सांगून ठेवा, गुंडाळी दिसली की बोटानं दाबायची किंवा पान तोडून रानाबाहेर नेऊन नष्ट करायचं. ओळीनं दोनदा-तीनदा असं झालं की बरीच आटोक्यात येते. या अळीवर परोपजीवी गांधीलमाश्या काम करत असतात, कडक औषध मारलं की आधी त्या मरतात, आणि गुंडाळीत बसलेल्या अळीपर्यंत औषध नीट पोचतच नाही. परड्यात सोनटक्का असेल तर त्याची पानंही बघा, डोंगराकडच्या रानहळदीवर पण हिचीच पिढी वाढते, तिथूनच ती पुन्हा पुन्हा येत राहते.

प्रादुर्भाव वाढतोय असं वाटलं तर ५ टक्के निंबोळी अर्क घ्या, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यानं गाळून, १०० लिटर द्रावण करायचं, २०० ग्रॅम साबण मिसळायचा आणि संध्याकाळी फवारायचं. अळ्या लहान असतानाच उपयोग होतो. लहान रोपांचा प्लॉट असेल आणि झाडागणिक गुंडाळ्या दिसत असतील तरच रासायनिक औषधाचा विचार करा, तेही कृषी सहायकाला किंवा कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात विचारून. दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवू नका.

आल्याच्या प्लॉटला मात्र थोडं जास्त लक्ष द्या, अळी हीच पण आल्याचं पान अरुंद, त्यामुळे एका अळीला जास्त पानं लागतात आणि प्लॉट लवकर फाटका दिसायला लागतो. सल्ला विचारायला फोटो पाठवणार असाल तर लांबून प्लॉटचा नको, गुंडाळी उघडून अळीचं डोकं दिसेल असा जवळून काढा, आणि लागण कधीची ते सोबत लिहा.