स्टेटस 200 ('सगळं ठीक') आलं म्हणजे उत्तर पूर्ण आलं असं नाही

सर्च सर्व्हर अपग्रेड केला की टाइमआउटच्या (ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याच्या) तक्रारी येतात आणि कुणी ना कुणी सीनियर म्हणतो, "मर्यादा 30 सेकंद कर, विषय संपला." ऐकू नका. मर्यादा वाढवून क्वेरी (शोधाची विनंती) पळत नाही. सर्व्हरचे थ्रेड, म्हणजे विनंत्या हाताळणारे धागे, जास्त वेळ अडकतात, मागे रांग लागते.

खरा घात वेगळीकडे होतो. इलॅस्टिकसर्च या सर्च सर्व्हरमध्ये क्वेरीला टाइमआउट दिला आणि वेळ संपला, तर एरर येत नाही. तोवर हाती लागलेले निकाल येतात, स्टेटस 200. उत्तराच्या जेसनमध्ये 'टाइम्ड आउट' ट्रू झालेलं असतं, एवढीच खूण. समजा, मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांतल्या जमिनीच्या लाखो नोंदी इंडेक्समध्ये आहेत आणि शोध '*गाव' असा आहे, म्हणजे 'गाव'ने संपणारं काहीही. माजलगाव, सेनगावच्या नोंदी दिसतात; हदगाव, नायगावच्या नाहीत. पुन्हा शोधलं की सगळ्या दिसतात, कारण मशीन रीस्टार्ट केल्यावर रिकामी झालेली फाईल कॅश (मेमरीतली फाइलींची प्रत) एव्हाना भरलेली असते. टेस्टर "आता चालतंय" म्हणतो, तिकीट बंद होतं. नोंद मात्र कुणाच्या तरी पडद्यावर गायबच राहते! अपाची सोलर या दुसऱ्या सर्च सर्व्हरमध्येही हेच: 'टाइम अलाउड' ओलांडला की हेडरमध्ये 'पार्शल रिझल्ट्स' ट्रू, स्टेटस 200. म्हणून कोडमध्ये आधी ही खूण तपासा. अर्धवट यादी चालणारच नसेल तिथे इलॅस्टिकसर्चचं 'अलाउ पार्शल सर्च रिझल्ट्स' फॉल्स करा. मुळात ते ट्रू असतं. फॉल्स केलं की एरर येईल, आणि ती आलेलीच बरी.

मग मर्यादांची उतरंड पाहा. सर्च सर्व्हर 5 सेकंद, त्याला विचारणारा क्लायंट 8, सगळ्यांच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स 15 असं आतून बाहेर वाढत जायला हवं. एनजिनएक्सची रीड टाइमआउट न सांगता 60 सेकंद असते. क्लायंट सर्व्हरच्या आधी थकला आणि त्याला रिट्राय (आपोआप पुन्हा प्रयत्न) लावलेला असेल, तर तीच जड क्वेरी पुन्हा येऊन आदळते.

इलॅस्टिकसर्चच्या उत्तरातला 'टुक', म्हणजे क्वेरीला लागलेला वेळ, हा आकडा मिलिसेकंदांत असतो आणि त्यात नेटवर्कचा वेळ धरलेला नसतो. टुक 400 आणि वापरकर्त्याला 9 सेकंद लागत असतील, तर क्वेरीला हात लावू नका, वाटेत शोधा. टुकच मोठा असेल तर क्वेरीत 'प्रोफाइल' ट्रू करून कुठला भाग वेळ खातो ते बघा. शोधशब्दाच्या सुरुवातीलाच तारा (*) असेल तर बहुतेक तिथेच सापडेल, कारण त्याला फील्डमधले सगळे शब्द चाळावे लागतात. शब्द उलटा करून वेगळ्या फील्डमध्ये साठवा, शोधशब्दही उलटा करा आणि प्रीफिक्स क्वेरी (शब्दाच्या सुरुवातीवरून शोध) लावा. उलटं देवनागरी वाचता येत नाही, पण दोन्हीकडे सारखंच उलटलेलं असल्याने जुळतं.

इलॅस्टिकसर्च 6 वरून 7 वर आल्यावर निकालांची एकूण संख्या 10,000 वरच अडकली तर घाबरू नका. तो टाइमआउट नव्हे. 7.0 पासून वेगळं सांगितलं नाही तर मोजणी तिथेच थांबते. पूर्ण आकडा हवा असेल तर 'ट्रॅक टोटल हिट्स' ट्रू द्या, पण प्रत्येक क्वेरीला नको.