घरच्यांना कॉम्प्युटर समजावताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत कॉम्प्युटर येणारा एखादा भाचा असतोच, आणि त्याची शिकवणी दहा मिनिटांत ‘अहो मावशी, सोप्पं तर आहे!’वर येऊन थांबते. सोपं असतं तर मावशींनी विचारलं कशाला असतं?

सगळ्यांत महागात पडते ती ‘क्लाउड’ म्हणून मोकळं होण्याची सवय. लोकमान्य नगरातल्या एका मावशींच्या फोनमधली जागा संपली. भाचा घाईत म्हणाला, ‘फोटो क्लाउडवर गेलेत, आता फोनमधले उडवा.’ मावशींनी गूगल फोटोज उघडलं आणि नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो डिलीट केले. टॅबवरचेही गेले. जाणारच! बॅकअप, म्हणजे फोटोची प्रत आपोआप गूगलच्या खात्यात जाणं, चालू असताना त्या ॲपमध्ये डिलीट केलेला फोटो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. घरात हे महिनाभरात लक्षात आलं, म्हणून बारसं वाचलं.

तेव्हा ढगाचं चित्र काढत बसू नका. ‘गूगलच्या कॉम्प्युटरवर तुमच्या फोटोची एक प्रत आहे, फोनमध्ये दुसरी’ एवढं पुरतं. मग आधी बॅकअप पूर्ण झालाय का ते बघा. दुसऱ्या फोनवर त्याच खात्यातला एक जुना आणि एक आजचा फोटो त्यांना उघडून दाखवा. त्यानंतरच ॲपमध्ये वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘जागा मोकळी करा’ निवडा. त्याने फक्त फोनमधली प्रत जाते. फुकटची जागा १५ जीबी, त्यात जीमेल आणि ड्राइव्हही आले. ती भरली की बॅकअप थांबतो आणि नवे मेलही येईनासे होतात.

वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, असं कधीही सांगू नका. वाय-फाय हे घरातले नळ, इंटरनेट हे नर्मदेचं पाणी. पट्ट्या पूर्ण दिसतात पण काही उघडत नाही, म्हणजे नळ ठीक आहेत, पाणीच आलेलं नाही. इंदुरात हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

रॅम, म्हणजे चालू कामापुरती जागा, हा ओटा; स्टोरेज, म्हणजे फोटो-फाइली साठवायची जागा, हे फडताळ. पुढे चला.

हातातला माऊस हिसकावणं हा तर निव्वळ उतावळेपणा. तुमचे हात मांडीवर ठेवा, बोलून सांगा. ‘तिथे क्लिक करा’ नव्हे, ‘डावीकडे खाली, निळं बटण, एकदाच’. पायऱ्या त्यांच्याच अक्षरात वहीत उतरवू द्या. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ कोणी परत बघत नाही.

प्रोग्रॅमिंगबद्दल विचारलं की ‘रेसिपीसारखं असतं’ म्हणून सुटका करून घेतात. उपमा चांगली आहे, अर्धवट सोडतात तिथे घोळ होतो. त्यांना पोह्यांची कृती लिहायला सांगा आणि तुम्ही कॉम्प्युटरसारखी, म्हणजे अगदी मठ्ठ नोकरासारखी, ती पाळा. ‘पोहे धुवा’ लिहिलं असेल तर पिशवीसकट नळाखाली धरा. ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता’ हा झाला लूप, म्हणजे ठरलेलं होईपर्यंत तेच तेच करणं; ‘लिंबू असेल तर पिळा’ ही अट. दोन्ही त्यांनी आधीच लिहिलेलं असतं, फक्त बोट ठेवून दाखवायचं. मग येतं ‘मीठ चवीपुरतं’. तिथे थांबा, हातात मिठाचा डबा धरून नुसते बघत राहा. ‘अर्धा चमचा’ हे त्यांनीच लिहायला हवं, तुम्ही सुचवायचं नाही.