अस्वलांच्या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांसाठी : विष्ठेतला मका आणि अहवालातला मका

अस्वलांच्या आठ जाती, त्यांचे प्रदेश आणि त्यांपैकी कोणत्या शीतनिद्रेत जातात हे तुम्हाला ठाऊक आहे, असे मी धरून चालते. तरीही कामाला लागण्यापूर्वी एकदा तपासून पाहा की, तुमच्या डोक्यात बसलेले अस्वल नेमके कोणत्या जातीचे आहे. संशोधनाचा मोठा भाग उत्तर अमेरिकेतील तपकिरी व काळ्या अस्वलांवर आणि ध्रुवीय अस्वलांवर झालेला आहे; तिथले निष्कर्ष नकळत आग्नेय आशियातल्या सूर्य अस्वलाला किंवा आपल्याकडच्या जंगलांत आढळणाऱ्या स्लॉथ अस्वलाला चिकटवले जातात. पिल्लांच्या रक्षणासाठी धावून आलेल्या ग्रिझ्लीने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलाने, प्रत्यक्ष गाठलेच, तर पालथे पडावे, मान हातांनी झाकावी आणि निपचित राहावे, असे सांगितले जाते. हाच सल्ला, भक्ष्य म्हणून माग काढत येणाऱ्या काळ्या अस्वलासमोर पाळला तर जिवावर बेतू शकतो, कारण तिथे हाती लागेल त्याने प्रतिकार करायचा असतो. स्लॉथ अस्वल पळून जाण्याऐवजी अंगावर येते ते बहुधा जवळून दचकल्यामुळे, म्हणून त्याच्या वावराच्या भागात आवाज करत चालणे हीच खरी खबरदारी ठरते. लोकांना सल्ला द्यायला जाणाऱ्याने हा फरक जाणला नसेल, तर त्याने न गेलेलेच बरे.

आता ज्या सापळ्यात मी स्वतः पुरती अडकले होते त्याविषयी, आणि हे जरा लांबण लागले तरी सांगणार आहे. अस्वल काय खाते हे शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे विष्ठा गोळा करणे. नमुना बारीक जाळीच्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतला की माती आणि चिकट भाग वाहून जातो व चाळणीत उरलेला ऐवज चिमट्याने वेगळा करता येतो. त्यात मक्याच्या दाण्यांची अर्धपारदर्शक सालपटे असतात, बोरवर्गीय फळांच्या अखंड बिया असतात, वाळवीच्या सैनिकांची कठीण तपकिरी डोकी असतात, क्वचित मेणाचा तुकडा किंवा एखाद्या प्राण्याचे केस असतात. मग नवखा अभ्यासक कोष्टक मांडतो : शंभरपैकी साठ नमुन्यांत मका आढळला. हे विधान खरे असते. घोटाळा पुढच्या ओळीत होतो, कारण अहवाल वाचणारा, आणि बहुतेकदा लिहिणाराही, त्याचा अर्थ ‘अस्वलाच्या अन्नापैकी साठ टक्के मका’ असा घेतो.

या दोन विधानांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही. एखाद्या नमुन्यात मक्याची दोनच सालपटे असली तरी तो नमुना ‘मका असलेला’ म्हणून मोजला जातो. वारंवारता (किती नमुन्यांत आढळले) सोडून आकारमान मोजले तरी सुटका होत नाही, कारण चाळणीत उरते ते अस्वलाला न पचलेले असते. अस्वल वंशाने मांसभक्षी गणातले आहे आणि त्याचे आतडे तुलनेने साधे आहे, त्यामुळे गवत, साली व बिया मोठ्या प्रमाणात तशाच बाहेर पडतात. उलट मांस, मासे आणि मध जवळजवळ पूर्ण पचतात. हरणाचे अख्खे पाडस खाल्ल्याची खूण म्हणून चिमूटभर केस मिळतात, तर पोटात गेलेल्या गवताने चाळणी भरून जाते. म्हणजे ज्या अन्नातून अस्वलाला सर्वाधिक ऊर्जा मिळाली, तेच तुमच्या कोष्टकात सर्वांत खाली जाऊन बसते.

यावर उपाय आहेत, घाबरून जाऊ नका. हेविट आणि रॉबिन्स यांनी १९९६ साली, बंदिस्त ग्रिझ्लींना मोजून खाद्य देऊन किती अवशेष बाहेर येतात याच्या आधारे, प्रत्येक खाद्यप्रकारासाठी दुरुस्ती-गुणक, म्हणजे उरलेल्या अवशेषांवरून खाल्लेल्या अन्नाचा अंदाज काढण्यासाठी गुणायचे आकडे, मांडले. ते दुसऱ्या जातीला लावताना हात थोडा आखडता घ्यावा, पण गुणक अजिबात न लावण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. दुसरा मार्ग केसांचा आहे. वास लावलेल्या आमिषाभोवती काटेरी तार ताणली की तिच्यात अस्वलाचे केस अडकतात; त्यांच्या मुळांतील डीएनएवरून ते कोणते अस्वल हे कळते आणि केस वाढत असताना त्याने काय खाल्ले, याची नोंद कार्बन व नायट्रोजनच्या समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणात) राहिलेली असते. मका आणि ऊस यांच्यातील प्रकाशसंश्लेषणाची पद्धत बहुतेक झाडाझुडपांपेक्षा वेगळी असल्याने त्यांचा कार्बन वेगळा ओळखू येतो, तर समुद्रातून नदीत येणारा सामन मासा खाणाऱ्या अस्वलाच्या केसांत जड नायट्रोजनचे प्रमाण वाढलेले दिसते. मात्र त्या अधिवासातील खाद्याचे स्वतःचे नमुने तपासल्याशिवाय केसांचे आकडे वाचू नयेत.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे असे समजू नका. मी इतकी चिडून लिहिते आहे याचे कारण असे की, ‘साठ टक्के मका’ हे वाक्य एकदा छापले गेले की अस्वल पिकांवरच जगते अशी समजूत पक्की होते, आणि मग त्याला पकडून दूर सोडण्याची मागणी पुढे येते. दूर सोडलेली अस्वले पुष्कळदा परत येतात, आणि न आलेली नव्या जागी तोच उपद्रव सुरू करतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ग्रिझ्लींचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. तिथे ग्रिझ्ली कचऱ्याच्या उकिरड्यांवर पोसल्या जात होत्या; १९५९ पासून त्यांचा अभ्यास करणाऱ्या क्रेगहेड बंधूंचे म्हणणे होते की उकिरडे टप्प्याटप्प्याने बंद करावेत, पण व्यवस्थापनाने १९७० च्या सुमारास ते झपाट्याने बंद केले. अन्नाचा मोठा आधार अचानक तुटलेली अस्वले तंबूंच्या तळांकडे आणि वस्त्यांकडे वळली व मोठ्या संख्येने मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझ्लीला अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त म्हणून संरक्षण द्यावे लागले. उकिरडे बंद करणे चूक नव्हते. अस्वलाच्या पोटातला उकिरड्याचा वाटा किती, आणि तो काढून घेतल्यावर ते कुठे जाईल, याचा हिशेब घाईत मागे पडला.

सहजीवनाच्या बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते अवघड नाहीत, कंटाळवाणे आहेत : अस्वलाला न उघडणारे कचऱ्याचे डबे, मधपेट्यांभोवती विजेचे कुंपण, गळालेली फळे वेळेवर उचलणे. एका घराने हे पाळून शेजाऱ्याने न पाळल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे या कामात प्राणिशास्त्रापेक्षा माणसांची समजूत काढणेच अधिक करावे लागते.

मार्गदर्शकाबाबत माझे मत एकांगी आहे, पण ते असे : जो तुम्हाला पहिल्या हंगामात वाटाड्यांबरोबर माग, नखांचे ओरखडे आणि उकरलेली वारुळे पाहायला पाठवतो, त्याच्याकडे राहा, जो पहिल्याच भेटीत शोधनिबंध कुठे छापायचा हे विचारतो, त्याच्यापासून दूर राहा. प्रमाणपत्र देणाऱ्या चार दिवसांच्या शिबिरांवर आणि अस्वलाच्या गाजलेल्या चित्रफिती पाहून स्वभाव शिकण्यावर माझा विश्वास नाही. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ती जाऊ द्या, ते वर्षभरात जमते. नमुन्याला हात लावताना मात्र हातमोजे घालायचे म्हणजे घालायचेच. अस्वलांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात.

आणि आहाराचे कोष्टक कराल तेव्हा त्याला तीन स्तंभ ठेवा : किती नमुन्यांत आढळले, आकारमानाचा किती भाग आणि दुरुस्तीनंतर अन्नातला अंदाजे किती वाटा. तिसऱ्या स्तंभातला आकडा काढता येत नसेल तर तो स्तंभ रिकामा सोडा, पण पुसून टाकू नका, म्हणजे वाचणारा पहिल्या स्तंभालाच आहार समजणार नाही.